मनुष्य घडवल्याचे दुःख

रविवारच्या शाळेत जलप्रलयाची गोष्ट ऐकलेल्या मुलांना तारू आठवते, जोडीजोडीने चढणारे प्राणी आठवतात, कबुतराने चोचीत धरून आणलेले जैतुनाचे पान आठवते. गोष्ट सुरू कुठून होते हे मात्र मोठ्यांच्याही लक्षात राहत नाही. ती पावसापासून सुरू होत नाही. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात परमेश्वर पृथ्वीकडे पाहतो. माणसाच्या मनातली प्रत्येक कल्पना वाईटाकडेच झुकलेली त्याला दिसते आणि आपण माणूस घडवला याचा त्याला खेद होतो. शास्त्र एवढ्यावर थांबत नाही. त्याच्या हृदयाला वेदना झाली, असेही ते लिहून ठेवते. त्या वचनांत कोपाचा शब्द नाही. अख्खे जग बुडवण्याच्या कथेत कोणीही संतापाची अपेक्षा केली असती. तिथे शोक आहे.

लगेच पुढच्या वचनांत दोन गोष्टी येतात: संहाराचा निश्चय, आणि नोहावर झालेली कृपादृष्टी. बायबलमध्ये कृपेचा हा पहिला उल्लेख. नोहा नीतिमान होता हे सांगणारे वाक्य त्याच्यानंतर येते, आधी नाही. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

देवाला खरोखर दुःख होते का? की माणसाला कळावे म्हणून शास्त्राने वापरलेली ही बोली आहे? आणि होत असेल, तर त्या दुःखाचे कृपेशी नाते काय? यहुदी आणि ख्रिस्ती विचारात हा वाद दोन हजार वर्षे चालला आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत त्याचे पारडे पुरते फिरले आहे. त्या वादाचा आढावा घेताना माझे मत आधीच सांगितलेले बरे. हा शोक मला कथेतला अलंकार वाटत नाही. तो काढून टाकला तर कृपेत काही उरत नाही. क्षमा करणाऱ्याला काही सोसावेच लागत नसेल, तर ती क्षमा नव्हे, नुसती डोळेझाक आहे.

पुराच्या कथा अनेक देशांत आहेत. शतपथ ब्राह्मणातली मनू आणि माशाची कथा आपल्याला परिचित आहे. तिथे पूर का आला याचे कारण कोणाच्या पापात सांगितलेले नाही, आणि कोणाला शोकही झालेला नाही. बायबलच्या कथेची सख्खी भावंडे सापडतात ती मेसोपोटेमियात. ३ डिसेंबर १८७२ रोजी जॉर्ज स्मिथ यांनी लंडनमध्ये गिल्गामेश महाकाव्यातल्या पुराच्या मातीच्या पाटीचे वाचन सादर केले. तारू, डोंगरावर टेकणे, पक्षी सोडून पाहणे, उतरल्यावर यज्ञ, सारे काही त्या पाटीवर होते. त्याहून जुने अत्राहासिसचे काव्य इ.स.पू. सतराव्या शतकातल्या पाट्यांवर मिळाले. त्यात माणसे फार झाली, त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडू लागली, म्हणून पूर आला. पूर आल्यावर तिथले देवही रडतात. माता देवी आपली लेकरे पाण्यावर तरंगताना पाहून आक्रोश करते. पण ते रडणे कृत्य घडून गेल्यावरचे आहे आणि त्यात भुकेचाही वाटा आहे, कारण नैवेद्य देणारी माणसेच उरलेली नाहीत. यज्ञाचा वास येताच देव माश्यांसारखे त्याभोवती जमतात.

उत्पत्तीच्या लेखकाला ही परंपरा ठाऊक असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने सांगाडा ठेवला आणि कारण बदलले. गोंगाटाच्या जागी हिंसा आली. पृथ्वी हिंसेने भरून गेली होती, असे तो दोनदा सांगतो. शोकाची जागाही त्याने बदलली. इथे दुःख आधी येते आणि पाणी नंतर.

कथेतला खरा धक्का मात्र शेवटी आहे, आणि तो नजरेतून सहज निसटतो. सहाव्या अध्यायाच्या पाचव्या वचनात माणसाचे मन वाईट आहे हे संहाराचे कारण म्हणून सांगितले आहे. पूर ओसरतो, नोहा वेदी बांधतो, आणि आठव्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात परमेश्वर आपल्या मनाशी ठरवतो की, यापुढे माणसापायी भूमीला पुन्हा शाप द्यायचा नाही. कारण? माणसाच्या मनातल्या कल्पना बाळपणापासून वाईटच असतात. म्हणजे निदान तेच राहिले आणि निकाल उलटा लागला. जे आधी बुडवण्याचे कारण होते, तेच आता न बुडवण्याचे कारण झाले. एवढ्या पाण्याने माणूस धुऊन निघाला नाही, हे शास्त्र स्वतः मान्य करते. पुढच्याच अध्यायात नोहा द्राक्षमळा लावतो, दारू पिऊन तंबूत उघडा पडतो, आणि वाचलेल्या एकुलत्या एक कुटुंबात शापाची भाषा सुरू होते.

मग बदलले काय? बायबलचे अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रुगमन यांनी १९८२ च्या आपल्या उत्पत्तीवरील भाष्यात याचे उत्तर नेमके दिले आहे: बदल माणसात झाला नाही, देवात झाला. ज्या हृदयाला वेदना झाली होती, त्याच हृदयात ही वेदना यापुढे सोसायची असा निश्चय झाला. मेघधनुष्याची खूणही याच दिशेने वाचावी लागते. ते माणसाला आशा वाटावी म्हणून आहे, असे आपण समजतो. नवव्या अध्यायात मात्र परमेश्वर सांगतो की, ढगात धनुष्य दिसले की मी ते पाहीन आणि मला माझ्या कराराची आठवण होईल. खूण त्याने स्वतःसाठी ठेवली आहे. माणूस पुन्हा पुन्हा बिघडणार, आणि प्रत्येक वेळी आपल्यालाच स्वतःला आवरावे लागणार, हे जाणणाऱ्याने केलेली ती तजवीज आहे.

इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्याला दुःख झाले, त्यानेच बुडवले. पाण्यात गेलेल्यांत तान्ही मुले होती. शोकाने संहाराचे समर्थन होते का? माझ्या मते होत नाही, आणि ही अडचण सर्वांत आधी जाणवली ती यहुदी गुरूंना. त्यांनी कथेची बाजू घेताना तिच्याशी भांडणही केले. तारवात जाण्याची आज्ञा झाल्यावर पाऊस सुरू होण्यापूर्वी सात दिवस जातात. ते सात दिवस कशासाठी, यावर उत्पत्ती रब्बा या भाष्यसंग्रहात उत्तर आहे: परमेश्वराने आपल्या जगासाठी सात दिवस सुतक पाळले. यहुदी घरात मृत्यूनंतर पाळतात तेच सात दिवस, फक्त मृत्यूच्या आधी. नोहालाही त्यांनी मोकळे सोडले नाही. सदोमसाठी अब्राहामाने पन्नासपासून दहापर्यंत घासाघीस केली, सोन्याच्या वासराच्या प्रसंगी मोशे लोकांसाठी देवासमोर उभा राहिला, नोहा मात्र सांगितले तेवढे मुकाट्याने करत राहिला. आपल्या पिढीसाठी त्याने एकही विनंती केल्याचे कथेत नाही. देवाला दुःख झाले आणि नीतिमान माणसाला झाले नाही, ही विसंगती गुरूंना सलत राहिली.

त्याच संग्रहातला एक संवाद या साऱ्या वादाचे सार सांगतो. एका परधर्मीयाने रब्बी यहोशुआ बेन कोर्हा यांना अडवले: तुमच्या देवाला भविष्य दिसते ना? रब्बी म्हणाले, दिसते. मग त्याच्या हृदयाला वेदना झाली असे का लिहिले आहे? आधीच ठाऊक असलेल्याचे दुःख कसले? रब्बींनी उलट विचारले, तुला मुलगा झाला आहे का? झाला आहे. तेव्हा काय केलेस? आनंद केला, इतरांनाही करायला लावला. तो एक दिवस मरणार हे तुला ठाऊक नव्हते? त्यावर तो माणूस म्हणाला, आनंदाच्या वेळी आनंद, शोकाच्या वेळी शोक. रब्बी म्हणाले, परमेश्वराचेही तसेच. पुढे शतकानुशतके तत्त्वज्ञांनी सर्वज्ञता आणि शोक यांचा मेळ घालण्यासाठी मोठमोठे ग्रंथ लिहिले. मुलगा मरणार हे ठाऊक असूनही बारशाला पेढे वाटणाऱ्या बापाचे हे उत्तर मला त्या सर्वांहून खोल वाटते.

तालमूद या यहुदी ग्रंथात असे प्रसंग आणखी आहेत. लाल समुद्रात मिसरी सैन्य बुडत असताना देवदूत स्तुतिगीत गायला निघतात, तेव्हा परमेश्वर त्यांना थांबवतो: माझ्या हातांनी घडवलेले बुडत आहेत आणि तुम्ही गाता? आणखी एका ठिकाणी खुद्द परमेश्वरच प्रार्थना करतो. आपली दया आपल्या कोपावर मात करो, असे मागणे मागतो. इस्लामी हदीसमध्येही अल्लाहची दया त्याच्या कोपाहून वरचढ असल्याचे वचन आहे. इस्लामी विचार देवाला मानवी दुःख चिकटवत नाही, पण दयेचे पारडे जड असल्याची ग्वाही दोन्हीकडे एकच.

बायबलच्या आतही हा प्रश्न मिटलेला नाही. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात शौलाला राजा केल्याचा परमेश्वराला पस्तावा होतो, असे दोनदा म्हटले आहे. त्याच अध्यायात शमुवेल शौलाला ठणकावतो की, परमेश्वर काही माणूस नाही, त्याला पस्तावा होत नाही. हे संपादकाच्या नजरेतून सुटले असेल असे मला वाटत नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत, ती एकत्र धरा, असे तो वाचकाला सांगतो. होशेय संदेष्ट्याने ती एकत्र धरून दाखवली. इ.स.पू. आठव्या शतकात उत्तरेचे इस्राएल राज्य अश्शूरच्या जबड्यात जात होते. होशेयच्या अकराव्या अध्यायात देव बाप होऊन बोलतो: एफ्राइमाला, म्हणजे इस्राएलाला, मी चालायला शिकवले, हाताला धरले, वाकून भरवले, आणि तो माझ्यापासून दूर दूर गेला. शिक्षा ठरते. तेवढ्यात हृदय पालटते. मी संहार करणार नाही, कारण मी देव आहे, माणूस नाही. शमुवेलाने ज्या आधारावर देवाला पस्तावा नाकारला, त्याच आधारावर होशेय देवाचे मन द्रवलेले दाखवतो. माणूस सूड घेईल. देव देव आहे, म्हणूनच तो थांबू शकतो.

तरी इस्राएलची राजधानी शोमरोन पडले, इ.स.पू. ७२२ च्या सुमारास. यिर्मयाच्या काळात यरुशलेमही पडले, इ.स.पू. ५८६ मध्ये. यिर्मयाच्या आठव्या-नवव्या अध्यायांत कोण रडते आहे, संदेष्टा की परमेश्वर, हे अभ्यासकांना आजही वेगळे काढता येत नाही, इतके दोघांचे हुंदके एकमेकांत मिसळले आहेत. दैवी शोक आपत्ती टाळतोच असे नाही, हे शास्त्राने लपवलेले नाही. नव्या करारात लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू यरुशलेम नजरेच्या टप्प्यात येताच रडतो. त्याच्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, इ.स. ७० मध्ये, रोमन सैन्याने ते शहर आणि मंदिर जाळले. जैतुनाच्या डोंगरावर त्या जागेची आठवण म्हणून १९५५ मध्ये पूर्ण झालेले छोटे प्रार्थनामंदिर आहे. वास्तुविशारद अंतोनियो बार्लुत्झी यांनी त्याला अश्रूच्या थेंबाचा आकार दिला. वेदीमागच्या खिडकीतून आजही तेच शहर दिसते.

ख्रिस्ती धर्म ग्रीक जगात पसरला आणि वादाची भाषा बदलली. ग्रीक तत्त्वज्ञांच्या लेखी जे परिपूर्ण ते अविकारी. दुःख म्हणजे विकार. आणि ज्याला विकार होतो तो कोणाच्या तरी ताब्यात असतो. अलेक्झांड्रियाचा यहुदी विचारवंत फायलो याने पहिल्या शतकात देवाच्या अविकारीपणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तो नेमका उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायावरचे भाष्य आहे. त्याच्या मते देव पस्तावतो म्हणणे हेच मोठे पाप. शास्त्र तसे बोलते ते जड बुद्धीच्या लोकांना धाक बसावा म्हणून. ही युक्ती पुढे जवळजवळ सर्वांनी उचलली. ऑगस्टीनने देवाच्या कोपाला मनाचा क्षोभ न मानता न्यायाचा निर्णय मानले. अकराव्या शतकात अॅन्सेल्मने लिहिले की, देव आपल्या अनुभवात दयाळू आहे, त्याच्या स्वतःच्या अनुभवात नाही. कॅल्विनने हे माणसाच्या कुवतीला जुळवून घेतलेले बोलणे ठरवले, आणि १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीने देवाला शरीर, अवयव आणि विकार नाहीत असा शिक्का मारला.

या परंपरेला थंड म्हणून झटकून टाकणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. भावनांच्या लाटांवर हेलकावणारा देव आज प्रेम करील आणि उद्या करणार नाही, मग त्याच्या करारावर विसंबायचे कसे, ही त्यामागची चिंता खरी होती. पण त्यांनाही वधस्तंभ ओलांडता येत नव्हता. तिसऱ्या शतकाच्या आरंभी काहींनी पित्यानेच दुःख भोगले असे शिकवले, तेव्हा टर्टुलियनने त्यांच्यावर पित्यालाच वधस्तंभी दिल्याचा आरोप ठेवला. ओरिजेनने मात्र यहेज्केलवरील प्रवचनात, पित्यालाही प्रेमाची एक वेदना आहे, असे सांगून ठेवले. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्रैक्यातला एक जण देहाने वधस्तंभावर मेला, हे अधिकृत सूत्र म्हणून स्वीकारले. देवाला दुःख नाही म्हणायचे आणि देवाने दुःख भोगले असेही म्हणायचे, ही कसरत चर्च पुढेही करत राहिले.

तिला तडा गेला तो विसाव्या शतकात, आणि तडा देणारी पुस्तके बहुतेक युद्धाच्या राखेतून आली. वॉर्सातले हासिदी गुरू कलोनिमस काल्मन शापिरा १९३९ च्या शरद ऋतूपासून जुलै १९४२ पर्यंत, पुढे नाझींनी वेढलेल्या यहुदी वस्तीतही, शब्बाथला प्रवचने देत आणि नंतर ती लिहून ठेवत. त्यांचा मुलगा युद्धाच्या सुरुवातीलाच गेला होता. परमेश्वर एका आतल्या गुप्त खोलीत रडतो, या तालमूदमधल्या एका उल्लेखाशी ते पुन्हा पुन्हा येतात. माणूस आपल्या दुःखाने मोडतो. देवाचे दुःख तर अमर्याद. ते बाहेर पडले तर जग टिकणार नाही, म्हणून ते आत आहे. पण शास्त्राभ्यासातून माणसाला त्या खोलीत शिरता येते, त्याच्याबरोबर रडता येते आणि तिथून उठण्याचे बळ मिळते. शापिरा १९४३ मध्ये मारले गेले. पुरून ठेवलेल्या दुधाच्या कॅनमध्ये त्यांची हस्तलिखिते युद्धानंतर सापडली आणि १९६० मध्ये इस्राएलमध्ये छापली गेली. या विषयावरचे एकच पुस्तक कोणी सुचवायला सांगितले, तर मी हे सुचवीन.

जपानमध्ये १९४६ साली काझो कितामोरी या लुथरन धर्मशास्त्र्याने देवाच्या वेदनेचे धर्मशास्त्र मांडले. त्याचा आधार यिर्मयाचे एकतिसाव्या अध्यायातले विसावे वचन. देवाचा कोप खरा आहे, कवटाळायला जो अपात्र त्याला कवटाळण्याची ओढही खरी आहे, आणि या दोन्हींच्या रेट्यात देवाला जे होते ती वेदना. हे समजावताना त्यांनी काबुकी नाटकातल्या आईबापांचा दाखला दिला, दुसऱ्याचे मूल वाचवण्यासाठी स्वतःचे मूल देणाऱ्या. जर्मनीत डीट्रिख बोनहोफर यांनी जुलै १९४४ मध्ये तुरुंगातून लिहिले की, मदत करू शकतो तो दुःख सोसणारा देवच. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिली गेली. युर्गन मोल्टमान जुलै १९४३ मध्ये सतरा वर्षांचे होते, हॅम्बुर्गमध्ये विमानविरोधी तोफेवर. बॉम्बवर्षावात शेजारी उभा असलेला मित्र गेला. त्या रात्री त्यांना पडलेला प्रश्न, देव कुठे आहे, १९७२ च्या त्यांच्या वधस्तंभी दिलेल्या देवावरील ग्रंथापर्यंत पोचला. पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचे मरण सोसतो, असे ते म्हणाले.

यहुदी बाजूने अब्राहम हेशेल यांनी याचा पाया शास्त्राच्या अभ्यासात घातला. बर्लिनमधला त्यांचा प्रबंध संदेष्ट्यांवरच होता. वाढवलेला इंग्रजी ग्रंथ १९६२ मध्ये आला. त्यांचे म्हणणे असे की, संदेष्ट्यांचा देव लहरी नाही आणि अलिप्तही नाही. त्याची भावना म्हणजे जगाविषयीची आस्था. विधवेवर अन्याय झाला तर ती त्याची स्वतःची बाब होते. फायलोच्या चिंतेला याहून चांगले उत्तर माझ्या वाचनात नाही. देव भावनांच्या ताब्यात नाही, पण त्याने माणसाला आपल्या हृदयाशी इतके जवळ घेतले आहे की माणूस त्याला दुखवू शकतो. आई आणि बहिणी नाझींच्या हिंसाचारात गमावलेले हेशेल १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर सेल्माच्या मोर्चात चालले.

या नव्या मताला जोरदार हरकती आल्या आणि त्यांतल्या काही मोलाच्या आहेत. कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ कार्ल रानर यांचा मुद्दा साधा होता: मी चिखलात रुतलो असताना देवही त्याच चिखलात असेल, तर मला बाहेर कोण काढणार? डोरोथी झोले यांनी १९७३ मध्ये मोल्टमान यांच्यावर आक्षेप घेतला की, पुत्राला मरणाच्या हाती देणारा पिता छळणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. दुःखाला पवित्र केले की सोसणाऱ्या बाईला आणखी सोस म्हणायला लोक मोकळे होतात, ही स्त्रीवादी अभ्यासकांची भीती आपल्याकडच्या घराघरांतून खरी ठरलेली आहे. म्हणून शोक कोणाचा, हे नीट पाहावे लागते. उत्पत्तीत दुःख होते ते हिंसेमुळे आणि हिंसेविरुद्ध. हिंसा सोसणाऱ्याला ते गप्प बसवत नाही; हिंसा करणाऱ्यासमोर ते उभे राहते. रानर यांचा प्रश्न मात्र मला पूर्ण सुटल्यासारखा वाटत नाही. देवाची वेदना ही पराभूताची वेदना नाही, एवढे आठव्या अध्यायातल्या निश्चयावरून म्हणता येते. तिने पुराचा मार्ग कायमचा बंद करून टाकला.

हा विषय मराठीत उपरा नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. आदिपुराणात जुन्या कराराची आणि दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताची कथा त्यांनी ओवीत आणली. मनुष्याचा अपराध आणि देवाची करुणा ही मराठी श्रोत्याने ओवीच्या चालीत ऐकली. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरुमाऊली होऊन येतो. होशेयचा वाकून भरवणारा देव वारकऱ्यांच्या माऊलीशेजारी बसवला की भाषांतर करावेच लागत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही दुष्काळातून आलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायकांना कळेल अशा मराठीत. छापखान्यात त्याच बायका काम करत. १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी आधी रमाबाईंनी ते काम हातावेगळे केले. १९०५ मध्ये याच मुक्तिसदनात शेकडो मुली आणि स्त्रिया आपल्या पापांसाठी रडून प्रार्थना करू लागल्या होत्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल अलीकडचे, ख्रिस्ती घरांबाहेरही पोचलेले.

आणि कोकणातले बेने इस्राएल यहुदी तर हा शोक सणांतून पाळत आले. आपली सात जोडपी नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागली, अशी त्यांची परंपरा सांगते. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास त्यांच्या घरी बिरड्याचा रोजा झाला आणि प्रायश्चित्ताचा महादिवस दारफाळणीचा सण झाला. त्या दिवशी दारे लावून, पांढरे नेसून, अन्नपाण्यावाचून माफी मागायची. त्या दिवशी दुपारच्या उपासनेत जगभरच्या सिनेगॉगांप्रमाणे योनाचे पुस्तक वाचले जाते.

प्रायश्चित्ताच्या दिवशी योनाच का? योना म्हणजे जलप्रलयाची उलटी कथा आहे. इथेही हिंसेने भरलेले गाव आहे: निनवे, ज्या अश्शूरने शोमरोन धुळीला मिळवले त्याची राजधानी. इथेही चाळीस दिवसांची मुदत आहे. पाण्यात मात्र निनवे जात नाही, निरोप न्यायला नकार देणारा संदेष्टा जातो. गाव गोणपाट नेसून हिंसा सोडते आणि परमेश्वर संहार टाळतो. योनाला याचा राग येतो, कारण हा देव दयाळू आहे आणि तो असेच करणार, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. मग एक वेल उगवतो, सावली देतो, किडा लागून वाळतो, आणि योना वेलासाठी हळहळतो. पुस्तक परमेश्वराच्या प्रश्नावर संपते: ज्या वेलासाठी तू कष्ट केले नाहीस त्याची तुला कीव येते, मग उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि इतकी गुरेढोरे ज्या शहरात आहेत, त्याची मला येऊ नये? योनाचे उत्तर लिहिलेले नाही.

उत्पत्तीचे सहा ते नऊ अध्याय आणि योनाचे चार, मिळून सारे एका बैठकीत वाचून होते. कोणतेही मराठी भाषांतर घ्या. सहाव्या अध्यायाचे पाचवे वचन आणि आठव्याचे एकविसावे शेजारी ठेवून वाचा, मग लगेच योना उघडा. भाष्ये आणि वाद त्यानंतर वाचता येतील.